दोन आखूड शिट्ट्या

१

पैज लावली राधूनं आन् घेतली गहिन्यानं. शान्या मानसानं घेतली नसती. पन त्या साली दुपारच्याला गावात शाना मानूस सापडायचाच कुठं? दुस्काळ पडलेला. दिस उगवायच्या आत सगळं गाव टिकाव-घमेली घेऊन पाझर तलावाच्या कामावर जायचं, ते दिस मावळताना धुरळ्यानं पांढरं हून परत यायचं, आन् न बोलता आडवं व्हायचं. दुपारी गावात उरायची म्हातारी, खंगलेली कुत्री, आन् मुकादमानं कामावरनं हाकलून दिलेली ही दोन रत्नं.

"साळंच्या मागल्या खोलीत जायचं," राधू म्हनला. त्याचं खरं नाव राधाकृष्ण, पन एवढं मोठं नाव घ्यायला कुनाच्या आंगात बळ न्हवतं. "ऐन दुपारी. एकटं. आन् हसीनाच्या चितरातल्या एका गड्याला मिशा काढून यायचं."

"एवढंच व्हय?"

"एवढंच. मेलेल्या मोद्दीनला तिथंच ठिवलं हुतं, पोलीस येस्तवर. ध्यानात हाय ना?"

"मंग? त्याला काय मिशांचं वावडं हुतं?"

राधू हासला न्हाई. "जातूस, का घरी जाऊन आईच्या पदराआड बसतूस?"

"तुझी बेचकी काढून ठिव," गहिन्या म्हनला आन् उठला.

गहिनीनाथ पंधराचा. सहावीत त्यानं साळा सोडली का साळंनं त्याला, ह्यावर गावात दोन मतं हुती. त्याची एकच विद्या पक्की, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी. घार म्हना घार, हवालदार म्हना हवालदार. जत्रंत हुतुतूच्या डावात त्यानं पंचाआधी शिट्टी मारून चढाईवरचा गडी परत फिरवला, आन् दोन गावांची मारामारी लागली तवा हा बाभळीवर बसून शेंगा खात हुता.

तलावावर मोद्दीन गेला त्या दिसापासनं मात्र गहिन्यानं तोंडात बोट घातलं न्हवतं. राधूच्या ते ध्यानात आलं न्हाई. कुनाच्याच आलं न्हाई.

२

फुडल्या खोलीत सुकडीची पोती छतापोतर रचलेली. पोरांना वाटायचा सरकारी भुगा तो, त्याचा गुळमट वास नाकात बसायचा. पोत्यांमधनं आडवं हून मागल्या खोलीत शिरावं लागायचं. तिथं एक खिडकी, लई वर. खाली फरशी. बाहेर ऊन नुसतं उकळत हुतं, आन् आत गार. गहिन्याला बरं वाटलं. मंग वाटलं, एवढं गार कसं?

समोरची भित चुन्यानं पांढरी केलेली आन् तिच्यावर लाल चौकोन.

हसीना म्हंजी गनीभाईची पोरगी, चौदाची. मोद्दीन तिचा धाकटा भाव, आठ-नऊ वर्सांचा. तलावाच्या कामावर खडकात सुरुंगाचं बार उडवायचं, त्यातल्या एका बारात तो गेला. तिच्या डोळ्यांम्होरं गेला. तवापासनं तिची वाचा बसली. खायची न्हाई, झोपायची न्हाई. ह्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसायची आन् कोळशानं फरशीवर रेघा वढायची. त्या रेघा साळंच्या रतनबाईंनी बघितल्या. त्यांनी गवंड्याकडनं सूत आनलं, गेरूच्या पान्यात बुडवलं, भितीवर ताणून सोडलं. चट. चट. चौकोन पडले.

"त्या दिवशी सकाळपासून जे जे बघितलंस ते काढ," बाई म्हनल्या. "एका दिवशी एक चौकोन. तोंडातून येत नाही ना? हातातून येऊ दे."

पयला चौकोन काढला त्या दिशी हसीनानं अर्धी भाकरी खाल्ली. तिसरा काढला तवा दुपारभर झोपली. तिची आई हाजराबी येऊन भितीम्होरं उभी राहिली, डोळं पुसलं, आन् परत कामावर गेली. रडत बसून रोजगार बुडवनं तिला परवडत न्हवतं.

गहिन्या चौकोन बघत बघत फुडं सरकला. आई मोद्दीनच्या डोक्याला फडकं बांधती. पान्याचं पिंप. खडकात भोकं पाडनारे गडी. मंग लाल निशान धरून उभा छगन, बार उडवनारा. मंग सगळं गाव बांधाआड पालथं पडल्यालं, कानावर हात. मानसं काड्यांचीच, पन कोन कुठला ते वळखू येत हुतं. गनीभाईचा वाकडा खांदा. खड्ड्याशी राहिलेलं हाजराबीचं नवं घमेलं. त्याच्या फुडचं चौकोन मोकळं.

मिशा कुनाला काढाव्या? छगनला. गहिन्यानं कोळसा उचलला, दोन झुपके वढले, हासायचा यत्न केला. मंग त्याला दिसलं, छगनची शिट्टी हसीनानं दोरीला टांगून छातीवर दाखवलीय. तोंडात न्हाई.

त्याचं हासू वाळलं.

आन् मंग तो डाग. बांधाआडच्या चौकोनात, वर टेकाडावर, जिथं हसीनानं नुसता एक निवडुंग काढला हुता, तिथं अंगठ्याएवढा काळपट डाग. चुना उडाला आसंल म्हनून त्यानं दोन बोटं लावली.

वलं हुतं.

त्या साली एक सोडून सगळ्या हिरींच्या तळाला माती तडकली हुती. मानसाच्या आंगावर घाम टिकत न्हवता. आन् साळंची भित वली.

३

टेकाडावर त्या निवडुंगामागं त्या दिशी कोन हुतं ते एकट्या गहिन्यालाच म्हाईत.

रीत आशी हुती. बार पेटवायच्या आधी छगन एक लांब शिट्टी मारायचा. म्हंजी पळा, बांधाआड निजा. सगळं बार उडालं, आवाज मोजून झालं, की दोन आखूड शिट्ट्या. म्हंजी या परत. गहिन्याला मुकादमानं आदल्या दिशी हाकललं हुतं. म्हनून तो टेकाडावर बसला हुता, मुकादमावरचा राग छगनवर काढायला. छगनच्या आधी आपन दोन आखूड मारायच्या, मानसं उठतील, छगन येड्यावानी बघत राहील. एवढीच गंमत.

शेवटचा बार उडाला आसं त्याला वाटलं. तो बार न्हवता. आधीच्या बाराचा डोंगरावरनं परत आलेला पडसाद हुता. छगनला ते कळत हुतं, म्हनून छगन थांबला हुता. गहिन्या थांबला न्हाई.

मानसं दमलेली. उठायला जरा येळ लागला. मोद्दीन मात्र पोरगंच, ते सगळ्यांच्या फुडं पळालं. आईचं नवं घमेलं खड्ड्याशी राहिलं हुतं आन् नवं घमेलं दुसरं कुनीतरी उचलतं, फुटकं आपल्या माथी येतं, हे त्याला कळत हुतं.

गहिन्यानं बार ऐकला. किंकाळी ऐकली. खाली न उतरता तो मागच्या अंगानं पळाला ते थेट घरी.

गाव म्हनलं, छगननं लवकर शिट्टी मारली. दुसऱ्या कुनाकडं शिट्टी हुतीच कुठं? बोटांनी वाजवनारा गहिन्या तर त्या दिशी कामावर न्हवताच. छगनला कामावरनं काढलं. आता आठवड्याच्या बाजारादिशी चौकशीचा साहेब येनार हुता, आन् मंग छगन तुरुंगात जानार, हे लोकांनी ठरवूनच टाकलं हुतं.

साळंतनं येऊन गहिन्यानं बोटं धोतराला पुसली. मंग मातीत घोळली. मंग चुलीम्होरं धरली. आई म्हनली, "काय रं, उन्हाळ्यात शेकतूस?"

"गंमत," गहिन्या म्हनला.

ती दोन बोटं वाळत न्हवती. घाम म्हनावा तर बाकीची कोरडी.

४

"मिशा तूच काढल्यास," रतनबाई दुसऱ्या दिशी दारातच म्हनल्या. "अख्ख्या गावात इतकी वाकडी रेघ दुसऱ्या कुणाला येत नाही."

"राधूनं पैज लावली, बाई."

"राधूला मी वेगळी बघते. तू आजपासून दुपारी इथं यायचं. हसीनाला गेरू कालवून द्यायचा, कोळसे फोडून द्यायचे. तोंड बंद ठेवून."

"तोंड बंद ठिवून मला श्वास घेता येत न्हाई, बाई."

"नाक आहे ना देवानं दिलेलं."

तर आशी त्याची रोजची दुपार त्या खोलीत जायला लागली. हसीना त्याच्याकडं बघायची न्हाई. छगनच्या मिशा तिनं वल्या फडक्यानं पुसल्या हुत्या आन् तिथं फिकट सावली राहिली हुती, तेवढंच. ती फुडच्या चौकोनात बांधामागनं उठनारी मानसं काढत बसली. गहिन्या कोळसं फोडायचा आन् टेकाडाकडं बघायचं टाळायचा. मंग बघायचाच.

डाग मागच्या चौकोनात न्हवता. वाळला आसंल. तो जरा सैल बसला.

हसीना घरी गेल्यावर त्यानं नव्या चौकोनाकडं बघितलं. डाग तिथं हुता. टेकाडावर न्हाई. उताराच्या मध्यावर. आता अंगठ्याएवढा न्हाई, बोटाएवढा उभा.

गहिन्यानं डोकं चालवलं. सहावीपोतरचं का आसंना, डोकं हुतं. भितीत शेवाळाची गाठ आसंल. सुकडीचं तेल झिरपत आसंल. हसीनाच गुपचूप वलं फडकं लावत आसंल. हे शेवटलं त्याला पटलं. त्यानं चुना घेतला, डागावर थापला, वाळेस्तवर उभा राहिला. पांढरं झालं. झ्याक.

तवाच बाहेरनं आवाज आला. दोन आखूड शिट्ट्या.

गहिन्या पोत्यांमधनं आंग खरचटत बाहेर आला. गल्लीत कुत्रं सावलीला निजलेलं, त्यानं कान हलवला न्हाई. राधू पाराखाली, पैज हरूनबी न दिलेल्या बेचकीचं रबर चघळत बसला हुता.

"शिट्टी ऐकलीस?"

"कसली?"

"तलावावरची."

"येडा का खुळा तू? मोद्दीन गेल्यापासनं बार बंदच हायेत. शिट्टी कशाला वाजंल?" राधूनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तूच मारत आसशील. मला भेव घालतूस व्हय?"

गहिन्यानं दोन्ही हात काखेत घातले. बोटांचा गारवा सदऱ्यातनं आत लागला.

५

छगनचं घर गावाच्या कडंला. तो दारातल्या लिंबाखाली बाजेवर पडलेला. पयले गडी यायचे तिथं, तंबाखू मळायला. आता कुनी येत न्हवतं. त्याची बायको चांगुणा रिकामी घागर घेऊन हिरीवरनं परतली हुती. बायांनी तिला नंबराला उभंच राहू दिलं न्हवतं.

गहिन्या कशाला गेला तिकडं ते त्यालाच कळलं न्हाई. पाय गेले.

"ये रं," छगन म्हनला. "तू बरा आलास. बाकीचे तोंड फिरवत्यात. तू लहानपनापासनंच बेशरम."

"छगननाना, तुमी शिट्टी मारली हुती का त्या दिशी?"

चांगुणानं घागर खाली आदळली. "तूबी आलास व्हय इचारायला?"

"इचारू दे." छगन आढ्याकडं बघितल्यागत लिंबाकडं बघत हुता. "आधी मी सगळ्यांना सांगायचो, न्हाई मारली. शिट्टी माझ्या छातीवर हुती. मी शेवटच्या बाराची वाट बघत हुतो. रोज सांगितलं. सांगून सांगून गळ्याला कोरड पडली. आता रातच्याला पडलो का मलाच दिसतं, मी शिट्टी तोंडात घातली, मी फुकली. पोरा, चारशे मानसं म्हनत्यात तर माझंच चुकत आसंल. आसंलच मारली मी."

"न्हाई मारली तुमी."

"तुला काय म्हाईत?"

गहिन्याच्या तोंडाशी आलं हुतं. चांगुणा बघत हुती. छगन बघत हुता, पन काई मिळंल आसं त्याच्या डोळ्यांत न्हवतंच. नुसतं दमलेलं बघनं. गहिन्या म्हनला, "मला वाटलं आपलं," आन् निघाला.

मागनं छगन म्हनला, "बोटाला काय लागलं रं? पानी ठिपकतंय."

६

हसीनानं फुडचा चौकोन काढला तवा ती थांबत थांबत काढत हुती. मोद्दीन पळतोय. फडकं उडतंय. फुडं घमेलं. एवढं काढून तिनं कोळसा खाली ठिवला आन् कपाळ भितीला टेकलं. मंग शेवटचा चौकोन. त्याच्यात तिला काईच काढता येईना. कोळसा न्यायची, टेकवायची, मागं घ्यायची. बाई म्हनल्या हुत्या, हा निघाला की पोरगी बोलंल. पन मोद्दीन कुनाच्या सांगन्यावरनं पळाला ते तिला म्हाईत न्हवतं. छगननं शिट्टी वाजवली न्हाई, हे तिनं डोळ्यांनी बघितल्यालं. मंग कोन? तिथंच तिचा हात अडत हुता. दोन दिस झालं, ती पुन्यांदा खायची बंद झाली हुती.

गहिन्या गेरू कालवत हुता. कालवायला काडी घेतली हुती. ती दोन बोटं त्याला गेरूत घालवत न्हवती. त्यानं मान वर केली.

थापलेला चुना तसाच पांढरा हुता. डाग त्याच्याखाली न्हवता. तो फुडं आला हुता. मोद्दीनच्या चौकोनात, पळनाऱ्या पोराच्या मागं, अगदी हाताच्या अंतरावर. आता त्याला खांदं हुतं. एक कोपर दुमडून हात तोंडाशी नेलेला.

टेकाडावरचा पयला डाग गहिन्याला कळला हुता. आपल्यालाच कुनीतरी दाखवतंय, चिडवतंय, एवढं तर त्यालाबी कळत हुतं. आयुष्यभर त्यानं तेच केलं हुतं. पन तो टेकाडावरनं खाली उतरला न्हवता. तो मागं पळाला हुता. घरी जाऊन पांघरून घेऊन निजला हुता.

मंग हे कोन उतरलं? पोराच्या मागं मागं हे कोन पळत गेलं?

बाहेरच्या उन्हाचा जो एक बारीक गुंगाट आसतो, तो थांबला. शेवटचा चौकोन गहिन्याच्या तोंडाच्या उंचीला हुता. त्या पांढऱ्यावर हळू हळू दोन वले ठिपके उमटले. एकाला एक चिकटून. मंग ते जरासे फाकले.

आन् श्वास ऐकू आला. आत वढलेला. शिट्टी फुकायच्या आधी छाती भरून घेत्यात, जिभंचं टोक बोटांखाली दुमडत्यात, त्या येळचा आवाज. तो आवाज शिट्टी मारनाऱ्यालाच म्हाईत आसतो. ऐकनाऱ्याला शिट्टीच ऐकू येती.

हसीना गर्रकन वळली. तिनंबी ऐकला. तिनं गहिन्याच्या तोंडाकडं बघितलं.

गहिन्याचं तोंड मिटलेलं हुतं. हात गेरूच्या भांड्यावर. पन ती बघतच राहिली, तोंडाकडं, मंग ठिपकनाऱ्या त्या दोन बोटांकडं, मंग पुन्यांदा तोंडाकडं. कुनी हिशोब जुळवत बसावं तशी.

गहिन्या उठला आन् निघून गेला. पळाला न्हाई.

७

बाजारादिशी काम बंद. साहेब जीपमधनं आला आन् सावली म्हनून साळंच्या फुडल्या खोलीत बसला, सुकडीच्या पोत्यांना पाठ लावून. तोबी दमलेला, सकाळपासनं तिसरं गाव हुतं म्हनं. दाराशी, खिडक्यांशी मानसं. आत गनीभाई, हाजराबी, मुकादम, छगन. रतनबाई मागल्या खोलीच्या उंबऱ्यात, त्यांच्या मागं हसीना, हातात कोळसा.

"बाई, मुलगी काही सांगू शकेल का?" साहेबानं इचारलं.

"तिनं भिंतीवर सांगितलं आहे, साहेब. शिट्टी छगनच्या छातीवर आहे. येऊन बघा."

"चित्र पुरावा धरता येत नाही, बाई."

"मग डोळे तरी धरा. तिनं बघितलंय."

मुकादम म्हनला, "पोरगी भ्रमिष्ट हाय, साहेब. शिट्टी आमी सगळ्यांनी ऐकली. दोन आखूड. आता ती काय डोंगरानं मारली?"

साहेबानं छगनकडं बघितलं. "तू बोल. वाजवलीस का नाही?"

छगननं गळ्यातली शिट्टी काढली. अजून गळ्यातच हुती ती. साहेबाम्होरं पोत्यावर ठिवली.

"लिहा साहेब," तो म्हनला. "मीच वाजवली आसंल. लिहा आन् मला बसू द्या."

गर्दीत मागं चांगुणा मट्कन खाली बसली. कुनी तिला धरलं न्हाई. साहेबानं पेनाचं टोपन काढलं.

हसीना तशीच मागं वळून आत गेली. गहिन्याला दारातनं ती दिसत हुती, शेवटच्या चौकोनाम्होरं उभी, कोळसा टेकवलेला. ती आता काढनार हुती. छगनला काढनार हुती. मोठी मानसं म्हनत्यात तर तसंच आसंल, म्हनून. तिचा हात हलला आन् तिच्या मागं, खिडकीच्या उजेडात, भितीवर न्हाई, फरशीवर, काई तरी वलं उभं हुतं. गहिन्याएवढं. त्यानं नीट बघायच्या आत ते दाराकडं तोंड करायला लागलं.

आन् पुन्यांदा तो श्वास. आत, खोल, छाती भरून.

आता वाजंल. दोन आखूड. सगळं गाव ऐकंल, आन् हे सगळे दमलेले पाय पुन्यांदा कुठंतरी पळायला उठतील. गहिन्या गर्दीतनं फुडं घुसला. राधूनं त्याचा सदरा धरला, तो फाटला. पोत्याम्होरं येऊन तो उभा राहिला आन् त्यानं ती दोन बोटं साहेबाम्होरं धरली. काय बोलायचं ते ठरवलं न्हवतं. शिट्टी वाजायच्या आत बोलायचं, एवढंच ठरवलं हुतं.

"छगननानांनी न्हाई वाजवली," तो म्हनला. आवाज त्याचाच हुता, पन लई बारीक. "त्यांची छातीवर हुती. मी टेकाडावर हुतो, निवडुंगामागं. बोटांनी वाजवली. गंमत म्हनून."

साहेबाचं पेन तसंच. आतनं हसीना उंबऱ्यापोतर आली. कोळशानं काळं झालेलं तिचं बोट त्याच्याकडं वळलं आन् तिच्या गळ्यातनं, कितीतरी दिसांनी, खरखरीत आवाज आला.

"कोन?"

गहिन्यानं गनीभाईकडं बघितलं न्हाई, हाजराबीकडं बघितलं न्हाई. तिच्याकडंच बघितलं.

"मी," तो म्हनला. "मोद्दीनला मी बोलावलं."